हीट पंपाच्या पाटीवर सीओपी ४, बिलात मात्र जेमतेम दोन: चूक नेमकी कुठे शोधायची

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. हॉस्टेलने, लॉजने किंवा सोसायटीने गच्चीवर गरम पाण्यासाठी हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता उचलून पाणी तापवणारं मशीन, बसवला. एक युनिट वीज घेऊन चार युनिट उष्णता देतो (यालाच सीओपी ४ म्हणतात), म्हणजे गिझरच्या मानाने बिल पाव होणार, असं विकताना सांगितलं गेलं. पहिल्या हिवाळ्यात बिल अर्ध्यावर आलं, दुसऱ्या हिवाळ्यात तेही नाही. मग सर्व्हिसवाला येतो, गॅस (मशीनच्या बंद नळ्यांत फिरून उष्णता वाहणारा रेफ्रिजरंट) भरतो, महिनाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच रडगाणं.

गॅस भरायला सांगण्याआधी दोन आकडे काढा: एक नुसत्या मशीनचा, दुसरा मशीनपासून नळापर्यंतच्या सगळ्या व्यवस्थेचा. हे दोन वेगळे काढले नाहीत तर दुरुस्ती अंधारात होते. मशीन चांगलं असताना गॅस भरला जातो, आणि गळती पाइपात असताना दोष कॉम्प्रेसरला लागतो.

हिशोब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंश तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे विजेचं एक युनिट. म्हणून:

उष्णता (युनिट) = लिटर × वाढलेले अंश ÷ ८६०
सीओपी = ही उष्णता ÷ मीटरवर पडलेले युनिट

आधी नुसतं मशीन तपासा

पाणी वापरात नसेल अशी वेळ निवडा, दुपारी साडेबारा-एकची बरी. टाकीतून इमारतीकडे जाणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, रिंगचा (गरम पाणी इमारतीत फिरवून टाकीत परत आणणाऱ्या पाइपाचा) पंप बंद करा, बॅकअप हीटरचा एमसीबी खाली पाडा. थंड पाण्याचा मेकअप (टाकीत भर घालणारी लाइन) मात्र चालू राहू द्या आणि टाकीची हवा जाण्याची नळी मोकळी आहे ना, हे बघा. २००० लिटर पाणी २४ वरून ५२ अंशांपर्यंत तापलं की सुमारे २० लिटरने फुगतं. दोन्ही बाजू बंद केल्या तर ते वाढलेलं पाणी जाणार कुठे? टाकीची शिवण उसवल्याशिवाय त्याला वाट मिळत नाही.

आता हीट पंप बंद ठेवून त्याचा स्वतःचा सर्क्युलेशन पंप दहा मिनिटं फिरवा, म्हणजे टाकीतले वर गरम, खाली गार असे थर मोडतील. तापमान आणि सबमीटर (या व्यवस्थेचा वेगळा वीजमीटर) लिहून घ्या. कॉम्प्रेसर चालू करा. निम्मं अंतर कापल्यावर पुन्हा नोंद घ्या. मशीन आपोआप बंद झालं की पंप आणखी दहा मिनिटं फिरवून शेवटची नोंद. सोबत बाहेरच्या हवेचं तापमानही टिपा, त्याच्याशिवाय पुढच्या वेळची तुलना फुकट जाते.

समजा २००० लिटरची टाकी २४ वरून ३८ वर आली तेव्हा ८.३ युनिट पडले आणि ३८ वरून ५२ वर जाताना १२.२. दोन्ही वेळा उष्णता तेवढीच: २००० × १४ ÷ ८६० = ३२.६ युनिट. म्हणजे पहिल्या टप्प्यात सीओपी ३.९, दुसऱ्यात २.७. एकूण ६५.१ ÷ २०.५, म्हणजे ३.२.

या दोन टप्प्यांतच पाटीवरच्या आकड्याचं निम्मं कोडं सुटतं. पाणी तापवणाऱ्या हीट पंपांची पाटी बऱ्याचदा अशा अटींवर असते: हवा २० अंश, वेट बल्ब (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान) १५ अंश, पाणी १५ वरून ५५ पर्यंत. हा गार पाण्यापासूनच्या सबंध चढाचा सरासरी आकडा झाला. तुमची टाकी मात्र दिवसभर ४८ वर येते आणि मशीन तिला ५३ वर नेतं. सबंध घाटाची सरासरी कागदावर, आणि गाडी रोज फक्त शेवटच्या चढावर. त्यात मशीनचा दोष नाही. हीट पंप उष्णता उचलून वर नेतो, जितकं उंच न्यायचं तितकी वीज जास्त. गॅस १५ अंशांना उकळून ६० अंशांना पुन्हा द्रव होत असेल तर आदर्श यंत्राचा सीओपी ३३३ ÷ ४५, म्हणजे ७.४ येतो, कारण इथे तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचं. बाजारातलं चांगलं मशीन त्याच्या ४० ते ५० टक्के देतं, म्हणजे ३ ते ३.७. अशा वेळी कुणी ५५ अंशांच्या पाण्याला पाचचा सीओपी सांगत असेल तर अटी विचारा.

आकडा अविश्वसनीय आला तर आधी मापं तपासा

सीओपी सहाच्या वर आला तर पेढे वाटू नका, मीटर बघा. सीटी (मोठा प्रवाह ठरावीक पटीने कमी करून मीटरला देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) लावलेला सबमीटर असेल तर गुणक विसरला गेलेला असतो: १००/५ ची सीटी म्हणजे वाचन गुणिले २०. दुसरी चूक फसवी आहे. तीनपैकी एक सीटी उलटी बसली की अनेक सबमीटर दोन फेजांत तिसरा वजा करतात आणि खऱ्या वापराच्या तिसरा हिस्साच दाखवतात. सीओपी तिप्पट दिसतो, कमिटी खूश होते आणि महावितरणचं बिल मात्र हलत नाही.

तारेभोवती धरून अँपिअर मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरून वीज काढत असाल तर पॉवर फॅक्टर सोडू नका. ४१५ व्होल्ट, ९ अँपिअर, पॉवर फॅक्टर ०.८५: १.७३२ × ४१५ × ९ × ०.८५ = सुमारे ५.५ किलोवॉट. फॅक्टर न घेता साडेसहा येतात, आणि चांगलं मशीन उगाच वाईट ठरतं.

तापमानाची बंदूक चकचकीत तांब्याच्या किंवा स्टीलच्या पाइपावर रोखू नका. चकाकी उष्णता दाखवत नाही, आजूबाजूचं प्रतिबिंब दाखवते, दहा-पंधरा अंश सहज चुकतात. पाइपावर काळी इन्सुलेशन टेप दोन वेढे गुंडाळा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. त्याहून बरं म्हणजे थर्मोवेलमध्ये (पाइपात किंवा टाकीत बसवलेल्या बंद टोकाच्या नळीत) टाकलेला साधा डिजिटल प्रोब.

आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्यातल्या फरकावरून सीओपी काढण्याचा मोह टाळा. फिरत्या पाण्याच्या मशीनवर हा फरक पाचेक अंशांचाच असतो, त्यात एका अंशाची चूक म्हणजे उत्तरात २० टक्के. टाकीच्या चाचणीत २८ अंशांवर तीच चूक साडेतीन टक्के. म्हणून टाकी.

मशीन ठीक, तरी बिल जास्त

हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. टाकीच्या थंड मेकअपवर पाण्याचा मीटर लावा. जेवढं थंड पाणी आत गेलं तेवढंच गरम बाहेर गेलं. आठवडाभर रोज एकाच वेळेला नोंद घ्या.

समजा रोज ५००० लिटर, मेकअप २२ अंश, टाकीतून जाणारं ५० अंश. उपयोगाची उष्णता: ५००० × २८ ÷ ८६० = १६३ युनिट. सबमीटरवर हीट पंप आणि पंप मिळून ९६ युनिट. म्हणजे व्यवस्थेचा सीओपी १.७. मशीन मात्र चाचणीत ३.२ देतंय. मग मधली उष्णता कुठे मुरली?

९६ मधून रिंगच्या पंपाचे काढा: ०.५५ किलोवॉट, २४ तास, १३.२ युनिट. उरले ८२.८. रोजच्या चालण्यात मशीनचा सीओपी थोडा कमी, ३ धरा. तयार झालेली उष्णता २४८. नळाला पोचली १६३. वाटेत गेली ८५.

आता पाइप बघा. एक इंची उघडा जीआय पाइप, आत ५०, बाहेर २५ अंश: दर मीटरला सुमारे २५ वॉट जातात. जाऊन-येऊन १२० मीटरची रिंग, पाणी चोवीस तास फिरतंय: १२० × २५ × २४ = ७२ युनिट उष्णता रोज. राहिलेले १३ टाकीचे. टाकीचं वेगळं तपासायचं तर रात्री सगळं बंद करून बारा तासांत किती अंश उतरतात ते बघा. २००० लिटरला तीन अंश म्हणजे ७ युनिट. हिशोब जुळला.

पहाटे तीन वाजता कुणी अंघोळ करत नाही, तरी शाफ्टमधून पन्नास अंशांचं पाणी फिरत राहतं आणि भिंत तापवतं. उपाय दोन, आणि दोन्ही मशीनपेक्षा कितीतरी स्वस्त. रिंगच्या पंपाला टायमर: सकाळी ५ ते ९, संध्याकाळी ६ ते ९. आणि पाइपाला १९ मिलिमीटर जाडीचा नायट्राइल फोम, व्हॉल्व्ह आणि बेंडसकट. उन्हात असेल तिथे त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा ग्लास क्लॉथ, नाहीतर गच्चीवरचा फोम दोन उन्हाळ्यांत भुगा होतो. पाइपाची गळती दर मीटरला आठेक वॉटवर येते. सात तास चालवून आणि दर वेळी गार होणारं पाइपातलं पाणी धरूनही रोजची गळती ११ युनिटच्या आसपास राहते. तेच पाणी, तेच मशीन: ९६ च्या जागी साधारण ६६ युनिट. टायमर लावल्यावर पहिल्या नळाला अर्धा मिनिट गार पाणी येतं, ही तक्रार येणारच. ती टायमर पंधरा मिनिटं आधी चालू करून मिटते, पंप पुन्हा चोवीस तास फिरवून मिटवू नका.

हिशोब तरीही जुळत नसेल तर गार पाण्याची घुसखोरी शोधा. हँड शॉवरचा नळ चालूच ठेवून पुढचं बटण दाबून बंद केलेला मिक्सर असेल तर गार आणि गरम लाइन आतल्या आत जोडलेल्या राहतात, आणि जिकडे दाब जास्त तिकडून दुसरीकडे पाणी ढकललं जातं. खात्री करायची तर टाकीच्या गरम पाण्याचा व्हॉल्व्ह आणि रिटर्न लाइन दोन्ही बंद करा आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर एक गरम नळ उघडा. पाइपातलं पाणी संपून धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर कुठल्या तरी बाथरूममधून गार पाणी गरम लाइनीत येतंय. शाफ्टचे व्हॉल्व्ह एकेक बंद करत गेलं की मजला सापडतो. दोष मिक्सरचा, औषध त्या फाट्यावरच्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं.

रॉड गुपचूप चालू

टाकीतल्या बॅकअप हीटरचा, म्हणजे रॉडचा, सीओपी एक. हीट पंप ५५ ला बंद होणार आणि रॉडचा थर्मोस्टॅट ६० ला लावलेला, अशी जोडी असली की शेवटचे पाच अंश कायम रॉड देतो. वर हीट पंपाला टाकी गरमच दिसते, म्हणून तो उठतही नाही. रॉडचा थर्मोस्टॅट हीट पंपापेक्षा आठ-दहा अंशांनी खाली हवा, म्हणजे मशीन खरंच बंद पडलं तरच तो कामाला येईल.

थर्मोस्टॅट बरोबर असूनही शंका असेल तर पॅनल उघडून कॉन्टॅक्टर (रॉडची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) बघा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा सप्लाय तोडल्यावरही क्लॅम्प मीटर रॉडच्या वायरवर अँपिअर दाखवत असेल तर कॉन्टॅक्ट चिकटले आहेत. उघडले की काळे, एकमेकांत वितळलेले चांदीचे टिकले दिसतात. घासून परत बसवू नका, कॉन्टॅक्टर बदला. हे काम मेन बंद करून आणि इलेक्ट्रिशियनकडूनच. रॉडला वेगळा सबमीटर असावा, हे बसवतानाच ठरवलं तर पुढची निम्मी भांडणं वाचतात.

मशीनच नापास झालं तर

टाकीच्या चाचणीतून आणखी दोन आकडे मिळतात: उष्णतेचे किलोवॉट, म्हणजे एकूण उष्णता भागिले तास, आणि विजेचे किलोवॉट. पाटीशी ताडून बघा.

उष्णता बरीच कमी आणि वीजही थोडी कमी असेल तर मशीनला हवेतून उष्णता मिळत नाहीये. इव्हॅपोरेटरच्या (हवेतून उष्णता घेणाऱ्या कॉइलच्या) पंखांमध्ये धूळ, कबुतरांची पिसं, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट. आतून बाहेर पाण्याची हलकी धार मारून धुवा, पंख वाकतील इतका दाब नको. कॉइल स्वच्छ असेल तर मशीनची जागा बघा. पंख्यातून बाहेर पडणारी हवा सहा-सात अंशांनी गार असते. समोर दीड-दोन फुटांवर भिंत किंवा वर पत्र्याचं छप्पर असेल तर तीच गार हवा वळून परत आत जाते. कॉइलच्या तोंडाशी थर्मामीटर धरा आणि दुसरा दहा फूट लांब. तीन अंशांचा फरक दिसला तरी निदान झालं. बंद प्लांट रूममध्ये ठेवलेल्या मशीनचं हेच होतं, खोलीचं शीतगृह बनतं. भिंत हलत नाही, मशीन हलवा, किंवा बाहेर पडणाऱ्या हवेला डक्ट लावा.

हवा बरोबर असूनही कॉइलचा खालचा भाग पांढरा आणि वरचा कोरडा, आणि तेही बाहेर २० अंश असताना, मग गॅस कमी असण्याची शक्यता. निफाड, महाबळेश्वरकडे डिसेंबरच्या पहाटे सबंध कॉइलवर दहिवर धरलं तर ते वेगळं. तिथे मशीनने मधूनमधून स्वतःहून बर्फ वितळवणं अपेक्षितच आहे. फ्लेअर जोडावर (नळी नटने आवळलेल्या जोडावर) तेलाचा ओशट डाग दिसला तर साबणाचं पाणी लावून बघा. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं. आर४०७सी सारख्या मिश्रण गॅसमध्ये तर गळताना मिश्रणाचं प्रमाणही बिघडतं. तिथे वरचेवर भर न घालता सगळा गॅस काढून घेऊन, व्हॅक्यूम करून पाटीवरच्या वजनाइतका नवा भरायचा, काट्यावर मोजून. आर२९० असेल तर तो प्रोपेन आहे, पेट घेतो. प्रशिक्षित माणसाशिवाय हात लावू देऊ नका.

उष्णता जवळजवळ ठीक पण वीज जास्त, मशीन मधूनमधून हाय प्रेशरवर ट्रिप होतं: हा पाण्याच्या बाजूचा आजार. आधी पाणी पुरेसं फिरतंय का बघा. १८ किलोवॉटच्या मशीनला पाच अंशांच्या फरकाने १८ × ८६० ÷ (६० × ५), म्हणजे मिनिटाला सुमारे ५२ लिटर हवेत. फरक आठ-नऊ अंश दिसला तर पाण्याच्या लाइनीतली वायगाळणी (वाय आकाराची गाळणी) तुंबलीय किंवा पंपात हवा अडकलीय. फरक पाचच असून प्रेशर चढलेलं असेल तर कंडेन्सरमध्ये (गॅस पाण्याला उष्णता देतो त्या भागात) क्षार धरलेत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे हे वर्षा-दोन वर्षांत होतंच. कंडेन्सिंग तापमान एक अंशाने चढलं की कॉम्प्रेसरची वीज दोन-तीन टक्के वाढते, आणि क्षाराचा थर सहज सात-आठ अंश खातो.

डिस्केलिंगसाठी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून फक्त कंडेन्सरमधून २० लिटर कोमट पाण्यात १ किलो सिट्रिक ॲसिड असं द्रावण छोट्या पंपाने फिरवा. फेस येणं थांबेपर्यंत, साधारण तास-दोन तास, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. बाथरूम साफ करण्याचं ॲसिड घालायचं नाही. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलच्या प्लेटांना बारीक छिद्रं पाडतं, आणि मग गॅसच्या बाजूला पाणी शिरलं की कॉम्प्रेसरही जातो.

वेळ आणि तापमान

पुण्यात डिसेंबरमध्ये पहाटे १०-१२ आणि दुपारी २८-३० अंश असतात. पहाटे चार वाजता मशीन चालवणं म्हणजे सगळ्यात गार हवेतून उष्णता उपसणं. टाकी पुरेशी मोठी असेल तर टायमर दुपारी १२ ते ५ ठेवा आणि पहाटे फक्त भर घाला. सोलर आणि हीट पंप एकाच टाकीवर असतील तर उलटा क्रम: पहाटे हीट पंपाने टाकी भरून तापवली की उन्हाला करायला काही उरत नाही. तिथे सोलरला दुपारी तीन-चारपर्यंत वाव द्या, मग कमी पडेल तेवढंच हीट पंपाने.

५५ चा सेटपॉइंट ५० वर आणला की बिल नक्की उतरतं. पण कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला हा जंतू वाढतो, म्हणून रुग्णालय किंवा वृद्धाश्रमात टाकी ६० अंशांना ठेवा आणि ती वीज मोजूनच हिशोब करा. इतर ठिकाणी ५० वर चालवायचं तर ठरलेल्या दिवशी टाकी आणि रिंग ६० च्या वर नेण्याची सोय हवी. आर४१० ए गॅसवरची बरीच मशीनं ५५-६० च्या पुढे जात नाहीत, तिथे हे काम आठवड्यातून एकदा, तेवढ्यापुरता त्याचा थर्मोस्टॅट वर करून, रॉडच करेल.

जर्मनी-इंग्लंडात घर तापवायला हीट पंप घेतलेल्यांनाही हेच गणित लागू पडतं. तिथल्या माहितीपत्रकातला ए७/डब्ल्यू३५ म्हणजे हवा ७, पाणी ३५ अंश, खोलीच्या फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांसाठी योग्य. जुन्या रेडिएटरला ५५ चं पाणी लागत असेल तर डब्ल्यू५५ च्या रकान्यातला आकडा वाचा आणि वर्षभराची उष्णता भागिले वर्षभराची वीज असा स्वतःचा काढा.

सर्व्हिसवाल्याला फोन करताना हातात एवढं असू द्या: टाकीच्या चाचणीचे दोन टप्पे, हवेचं तापमान, पाण्याच्या आत-बाहेरचा फरक, आणि आठवड्याचे मेकअपचे लिटर व सबमीटरचे युनिट. तो आल्यावर कॉम्प्रेसरच्या सक्शन (गॅस आत जाणाऱ्या) आणि डिस्चार्ज (बाहेर पडणाऱ्या) बाजूचं प्रेशर त्याच कागदावर लिहून घ्या, आणि गॅस भरलाच तर किती ग्रॅम तेही.